हसून झाल्यावर बाकावर

पहाटे उठून फुकटात हसायला बोलावणाऱ्या माणसावर मी विश्वास ठेवावा, असं माझ्या आयुष्यात काही घडलेलं नव्हतं. त्यातून ती वर्षंच तशी होती. अकोल्यात जो तो काहीतरी गळ्यात मारायला निघालेला. कोणी म्हणे सफेद मुसळी लावा, कोणी म्हणे सागवान लावा, कोणी चुंबकाची गादी खांद्यावर टाकून दारात उभा. कपाशीनं दगा दिला की असल्या लोकांचं पीक बरं येतं. मी सगळ्यांना फाटकातूनच वाटेला लावत असे.

आमच्या ले-आउटमधल्या, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीतल्या, प्रत्येक घरामागे एक गाव होतं. पेपर आला की आधी आपल्या तालुक्याची बातमी शोधायची, आणि भलत्या वेळेला फोन वाजला की उचलायला कोणी पुढे व्हायचं नाही. अशा दिवसांत वस्तीच्या मधल्या मोकळ्या मैदानाच्या, ओपन स्पेसच्या, गेटवर पाटी लागली : हास्यक्लब, रोज सकाळी, सर्वांना प्रवेश, फी नाही. मी दूध घेऊन परत येत होते. पाटी दोनदा वाचली आणि मनाशी म्हटलं, बाई, इथं कुठंतरी पाणी मुरतं.

पण माझा खरा संशय पाटीवर नव्हता, नवऱ्यावर होता. ते आधी सांगायला पाहिजे.

आमचे हे अकोटला जिनात फिटर होते. कपाशीतून सरकी वेगळी करायची यंत्रं ओळीनं धडधडत असतात आणि माणसं एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन बोलतात, तो कारखाना. मी तिथंच शाळेत शिकवायची. मग त्या भागातल्या कितीतरी जिनिंग मिल बंद पडल्या तशी यांचीही पडली, मी निवृत्त झाले, आणि आम्ही अकोल्याला घर बांधून राहायला आलो. घर झालं, दारात पारिजातक लावला, आणि यांचं बोलणं गेलं.

म्हणजे कसं, मी स्वयंपाकघरातून दहा गोष्टी सांगाव्यात आणि बाहेरून एक ‘हूं’ यावा. कधी तोही नाही. समोर जाऊन बसले तर तोंडाकडे टक लावून पाहणार, मान डोलावणार, आणि जे सांगितलं त्यातलं काही करणार नाही. अमरावतीला दिलेली आमची मुलगी फोन करायची, तर हे रिसीव्हर माझ्या हातात देऊन अंगणात झाडाला पाणी घालायला जायचे. ती एकदा म्हणाली, “आई, बाबा माझ्यावर रागावले का?” मी म्हटलं, “तुझ्यावर कशाला रागावतील, माझ्यावर असतील.” मला खरंच तसं वाटत होतं. पोरं मार्गी लागली, नोकऱ्या संपल्या, आता या माणसाला माझ्याशी बोलण्यासारखं काही उरलं नाही, असं मी धरून चालले होते आणि आतल्या आत जळत होते. भांडायची सोय नव्हती. भांडायलाही समोरच्यानं तोंड उघडावं लागतं.

अशात दिवाळी झाली आणि यांनी पांढरे कॅनव्हासचे बूट आणले.

“हे कशाले?” मी विचारलं.

“फिराले,” हे म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या आधी उठून, मिशीला कंगवा फिरवून निघून गेले. घरी आले तेव्हा चेहरा असा काही फुललेला, की सासुरवाडीहून पाहुणचार घेऊन आल्यासारखा. मी चहा ठेवला आणि यांच्याकडे पाहत राहिले. जन्मात फिरायला न गेलेला माणूस फिरायला जातो, आणि वर आनंदात परत येतो, म्हणजे मामला सरळ नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी मागून गेले. दुधाची पिशवी हातात होतीच, कोणी विचारलं तर दाखवायला. ओपन स्पेसच्या भिंतीशी पोचले आणि आतून हसण्याचा असा गडगडाट आला की दूध सांडता सांडता राहिलं. भिंतीवरून पाहिलं तर पंधरा-वीस माणसं गोल उभी, बायकाही होत्या, आणि त्यांच्यात आमचे हे. पोट धरून हसत होते. ज्या माणसाचे दात मला पोळ्यापासून दिसले नव्हते, तो माणूस आभाळाकडे तोंड करून हसत होता.

मला इतका राग आला की सांगता सोय नाही. घरात मौनव्रत आणि इथं दात काढणं. मी काही विनोदी बोलत नसेन, पण इतकी काही रडतोंडी नाही.

दुसऱ्या दिवशी मी पदर खोचला आणि क्लबात दाखल झाले. हे गेटाशी मला पाहून दचकले, पण काही म्हणाले नाहीत. म्हणणार कुठून.

त्या क्लबाची एक रीत होती. नवीन आलेल्याला मधे उभं करायचं आणि सगळ्यांनी त्याच्याकडे बोट करून हसायचं, तो हसेपर्यंत. मी वर्गातल्या पोरांना एकमेकांकडे बोट केलं म्हणून बाकावर उभं केलेली बाई. मी मधे उभी, हाताची घडी घालून, आणि सभोवताली सगळे बह्याड, खुळ्यासारखे माझ्याकडे बोट करून खिंकाळतायत. मी काही हसले नाही. बराच वेळ गेला, एका जाड्या बाईंना ठसका लागला, कोणीतरी पाणी आणायला धावलं, तेव्हा कुठं माझ्या ओठाचा कोपरा हलला असेल. लगेच टाळ्या. झालं, मी सभासद.

क्लब चालवणारे एक पीटीचे निवृत्त सर होते. आयुष्यभर मैदानावर ओरडून त्यांचा घसा गेलेला, म्हणून सगळं हाताच्या खुणांनी चालायचं. दोन्ही मुठी पुढे-मागे केल्या की ताक घुसळायचं हसणं. कंबरेत वाकून चिमटीनं वेचलं की कपाशी वेचायचं हसणं, हे त्यांनी स्वतः काढलेलं होतं आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. शेवटी दोन्ही हात कपाळाच्या वर नेऊन जोडले की नमस्काराचं हसणं. ते सगळ्यांत मोठं. त्यात जीव खाऊन हसायचं, की झाली सुट्टी.

सरांचे नियम कडक. विनोद सांगायचा नाही, कारण विनोद कोणाला तरी लागतो. राजकारण नाही. आणि गावाकडचं काही काढायचं नाही. “घरी आहेच ते,” सर घोगऱ्या आवाजात म्हणायचे, “इथं तेवढा वेळ नको.” मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं, हा माणूस नगरसेवकाला उभा राहणार. फुकट कोणी कोणाला हसवत नाही. मी निवडणुकीची वाट पाहत होते. ते काही उभे राहिले नाहीत, पण माझा संशय अजून पुरता गेलेला नाही.

तरी एक कबूल करते. महिना-दीड महिना गेल्यावर मला ते हसणं लागलं. सुरुवातीला नुसता आवाज काढायचा, मग जाड्या बाई खरंच हसायला लागायच्या, त्यांचं पोट हलताना पाहून मला यायचं, आणि मग थांबवता थांबायचं नाही. डोळ्यांतून पाणी. घरी येताना अंग हलकं व्हायचं. कोणाच्या घरी काय चाललंय हे सगळ्यांना ठाऊक होतं. कोणाच्या भावानं दुबार पेरणी केली, कोणाचा जावई गाव सोडून सुरतेला गेला. पण त्या गोलात कोणी कोणाला विचारायचं नाही. हसतील त्यांचे दात दिसतील म्हणतात. आमचे दात सगळ्या ले-आउटला दिसत होते.

आता बाकाकडे येते.

क्लब सुटला की बायका भाजीवाल्याकडे वळायच्या, पुरुष पेपरकडे. आमचे हे मात्र लिंबाखालच्या सिमेंटच्या बाकावर बसायचे, आणि त्यांच्या शेजारी एक उंच, वाळके गृहस्थ. ते एसटीत कंडक्टर होते, अकोट-अकोला गाडीवर जन्म काढलेला. खिडकीतला वारा खाऊन दाढा ठणकतात म्हणून बारा महिने नाकातोंडाभोवती मफलर. मी त्यांना मनात मफलरवाले म्हणायची. ते मफलरच्या आतून बोलायचे आणि हे ऐकायचे. पाच-दहा मिनिटं नाही, ऊन अंगावर येईपर्यंत. हे मधेमधे मान हलवत. एकदा तर मफलरवाल्यांनी यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि यांनी तो आपल्या दोन्ही हातांत धरला. मी गेटाशी कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन उभी.

ज्या माणसानं घरात माझ्यासाठी शब्द ठेवला नव्हता, तो परक्या माणसाचं तासभर ऐकत होता. बाईचं प्रकरण असतं तर मी समजू शकले असते. निदान कोणाच्या झिंज्या धरायच्या ते कळलं असतं. हे काय होतं?

घरी आल्यावर मी विचारलं, “काय सांगून राह्यले होते ते?”

“काही नाही,” हे म्हणाले.

“इतका वेळ काही नाही?”

“काही नाही म्हटलं ना.”

रोज विचारलं, रोज हेच उत्तर. मग मी ठरवलं की हा मफलरवाला यांना कशात तरी ओढतोय. मुसळी, नाहीतर त्या साखळीच्या स्कीमा, आपण दोघं जोडायचे, त्यांनी चौघं जोडायचे. कंडक्टर माणूस, बोलण्यात पटाईत. मी एक दिवस सरळ जाऊन त्या दोघांच्या मधे बसले. मफलरवाले चटकन गप्प झाले.

“काय बाई, मुलगी कशी हाय अमरावतीची?” त्यांनी विचारलं.

“मजेत,” मी म्हटलं. “तुमचं चालू द्या.”

“आमचं काय, असंच,” ते म्हणाले, आणि उठले. गेटापर्यंत जाऊन मी मागे वळून पाहिलं, तर हे पुन्हा बसलेले आणि मफलर हलायला लागलेला. चोराच्या मनात चांदणं, मी म्हटलं. माझ्यासमोर बोलण्यासारखं असतं तर बोलले असते.

मी यांच्या शर्टाचे खिसे पाहिले. कपाटातले कागद पाहिले, घराचे, बँकेचे, सगळे जागच्या जागी. काही सापडलं नाही म्हणून संशय कमी झाला असं नाही. काही सापडत नाही म्हणजे चोर हुशार.

होळीच्या आधीची गोष्ट. सकाळी गोल जमला तर मफलरवाले नव्हते. ताक घुसळून झालं नाही, वेचणी झाली नाही. सर मधे येऊन उभे राहिले आणि त्यांच्या त्या गेलेल्या आवाजात म्हणाले की मफलरवाल्यांचा गावाकडचा धाकटा भाऊ काल गेला. कसा गेला ते सर म्हणाले नाहीत, कोणी विचारलंही नाही. त्या वर्षांत ‘गेला’ म्हणताना माणूस खाली पाहायचा, तेवढ्यावरून कळायचं. जाड्या बाईंनी तोंडाला पदर लावला. सर म्हणाले, आज हसायचं नाही, दोन मिनिटं उभं राहू. आणि त्यांनी दोन्ही हात कपाळाच्या वर नेऊन जोडले.

आमचे हे हसले.

साधं नाही. नमस्काराचं हसणं, जीव खाऊन, आभाळाकडे तोंड करून. त्या शांततेत एकट्याचं. सुरुवातीला कोणाला कळेचना काय होतंय. मग सगळ्या माना वळल्या. मी गोलाच्या दुसऱ्या बाजूला होते, मला यांचा चेहरा समोरून दिसत होता. हसता हसता यांची नजर एकेकाच्या तोंडावर गेली. सरांच्या तोंडावर, जाड्या बाईंच्या, शेजारच्याच्या. सगळी तोंडं बंद. हे प्रत्येक तोंडापाशी थांबून पाहत होते की ते बंद का. आणि मग यांचं तोंड हळूहळू मिटलं. इतकं घाबरलेलं माणूस मी पाहिलं नव्हतं.

“लाज वाटते का काही?” कोणीतरी म्हणालं. सर जवळ आले आणि यांच्या खांद्याला धरून म्हणाले, “भाऊ, थोडे दिवस येऊ नका.” हे सरांच्या ओठांकडे पाहत होते. मग मान हलवून निघाले.

मी मागून चालले. लाजेनं माझे कान तापले होते, आणि त्या तापलेल्या डोक्यातही एक गोष्ट फिरत होती, यांचं ते एकेक तोंड पाहणं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी यांच्यामागे दोन हातांवर आले आणि नेहमीच्या आवाजात हाक मारली, “अहो.” हे चालत राहिले. मी जरा मोठ्यानं म्हटलं, “अहो, थांबा.” नाही. मग माझ्या तोंडून काय निघालं ते मलाच कळलं नाही. मी म्हटलं, “अहो, मी मेली.”

हे त्याच चालीनं चालत राहिले. कोपऱ्यावर कुत्रं आडवं पडलेलं होतं, त्याला वळसा घातला आणि फाटक उघडलं.

मी तिथंच रस्त्याच्या कडेला, कोणाच्या तरी ओट्यावर बसले. रडू आलं ते थांबेना. राग येत होता तो वेगळाच, या माणसानं इतके दिवस मला आपल्यापासून तोडून ठेवलं याचा.

घरी जाऊन मी यांना खुर्चीवर बसवलं, समोर बसले आणि म्हटलं, “कधीपासून?”

यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाले, “जिनातूनच. तवा थोडं होतं. जिन बंद झाली, पण माह्या कानात चालूच हाय. रातदिन धडधड. तिच्या मागं तू बोलतं, काही येते, काही येत नाही.”

“डॉक्टरले दाखवाचं.”

“दाखवलं. तो म्हणे मशीन लावा.”

“मग लावाचं.”

“मशीन लावलं का लोक बहिरा म्हणतात,” हे म्हणाले. “जिनात एक होता तसा. त्याच्याशी कोणी बोले नाही, त्याच्यासमोर बोलत. मले तसं नको.” आणि मग खाली पाहून, “कोणाले सांगू नको.”

“म्हणून क्लबात जात होते?”

“तिथं कोणी काही सांगत नाही,” हे म्हणाले. “सर हात करतात, आपण हसाचं. सगळे सारखे.”

मी डोळे पुसले. पण माझा स्वभाव जात नाही. विचारलं, “आणि बाकावर? ते मफलरवाले काय सांगत होते इतके दिवस?”

“काय मालूम,” हे म्हणाले.

“म्हणजे?”

“अवं, त्याच्या तोंडावर मफलर. आवाज येत नाही, ओठ दिसत नाही. मले एक शब्द समजला नाही कधी.”

“मग बसत कावून होते? कशाले?”

हे जरा चिडले. “त्याले कोणीतरी बसाले पाह्यजे होतं. मफलरच्या वर डोये दिसत होते ना त्याचे.”

म्हणजे ‘काही नाही’ हे उत्तर खरं होतं. रोजचं खरं उत्तर मी रोज खोटं धरत होते.

हे आता घराबाहेर पडेनात. बूट पेपरात गुंडाळून माळ्यावर टाकले. मला दिसत होतं की माणूस पुन्हा आतल्या आत जातोय, आणि या खेपेला बाहेर यायचा नाही. क्लबातली माणसं रस्त्यात भेटली की दुसरीकडे बघायची. एकीनं तर मला ऐकवलं, काही माणसांना काळीजच नसतं म्हणून. मी तिला सांगू शकले असते. पण यांना शब्द दिलेला. मग मी ठरवलं की दुसऱ्या कोणाला नाही, पण ज्याचा भाऊ गेला त्याला सांगायचं. तो माणूस यांना वाईट समजला तर हे उठायचे नाहीत.

तेरवी झाल्यावर मी म्हटलं, “गावाले भेटीले जाऊन येऊ.” हे लगेच तयार झाले. मी काय बोलणार आहे ते यांना सांगितलं नव्हतं.

अकोटला एसटीनं आणि पुढे काळीपिवळी जीपनं गेलो. घर साधं, मातीचं नि अर्धं सिमेंटचं, अंगणात चादरी टाकलेल्या. मफलरवाले बसले होते, मफलर न घालता. डोकं भादरलेलं. त्यांचा उघडा चेहरा मी पहिल्यांदा पाहिला, ओळखीचा वाटेना. गावातली दोन-तीन म्हातारी माणसं एका बाजूला. घराच्या दाराशी, उंबऱ्याच्या आत, गेलेल्या भावाची बायको डोक्यावरून पदर ओढून बसलेली. हे जाऊन मफलरवाल्यांजवळ बसले आणि त्यांचा हात धरला. भेटीला जाऊन बोलायचं नसतंच फार.

मला मात्र धीर निघेना. मी हळूच म्हटलं, “भाऊ, त्या दिवशी क्लबात जे झालं, ते तुमच्या कानावर आलं असेल.”

“आलं,” ते म्हणाले.

“हे मुद्दाम हसले नाहीत हो. यांना…” मी यांच्याकडे पाहिलं. हे अंगणातल्या गाईकडे पाहत होते. “यांना ऐकू येत नाही.”

“मले मालूम हाय, बाई,” मफलरवाले म्हणाले.

मी पुन्हा यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, “पह्यल्या दिवसापासून मालूम हाय. जिनातले लोक माह्याच गाडीनं जात. स्टॉप आला म्हणून ओरडा, उठत नव्हते, हात लावून उठवा लागे. तुमच्या यायले मी क्लबात हाक मारली, यायनं पाह्यलं नाही. तवाच समजलो.”

“मग रोज बोलत होते ते?”

“म्हणून तं बोलत होतो,” ते म्हणाले. आवाज अगदी खाली गेला, पण अंगणात तेवढाच आवाज होता. “घरातली गोष्ट. बाहेर गेली तं भावाची इज्जत जाते. आणि पोटात मावत नव्हती. तो मले फोन करे. म्हणे, दादा, सकाळी उठावं वाटत नाही. म्हणे, माह्यानं होत नाही आता. दर आठ दिवसाले हेच. मी म्हणो, होईन बाबू, धीर धर. मंग सकाळी क्लबात हसो, आणि बाकावर येऊन यायले सगळं सांगो. सांगतलं का वाटे, निघालं आपल्या आंगावरून. बाहेर जाणार नाही, कोणाले कळणार नाही.” त्यांनी यांच्याकडे पाहिलं. “ऐकणाऱ्या माणसाले सांगाले पाह्यजे होतं.”

मी चादरीचा दोरा ओढत बसले. म्हाताऱ्यांपैकी एकजण खाकरला. तेवढ्यात दारातून आवाज आला, “बाई.”

आमच्याकडे नवऱ्याच्या मोठ्या भावाला भासरा म्हणतात. भासऱ्यासमोर बाई तोंड उघडत नाही, आणि भासराही तिच्याशी बोलत नाही. एका घरात जन्म काढला तरी नाही. काही विचारायचंच पडलं तर तिसऱ्या माणसाच्या तोंडून विचारतात. ती बाई पदराआडून, उंबऱ्याच्या आतून, माझ्याकडे पाहत होती.

“बाई, त्याईले इचारा,” ती म्हणाली, “त्याईले इतकं सारं मालूम होतं, तं मले कावून नाई सांगतलं. मी त त्याच घरात होती.”

मफलरवाल्यांनी ऐकलं होतं. सगळ्या अंगणानं ऐकलं होतं. पण रीतीप्रमाणे ते ऐकलं नाही असंच होतं, जोवर मी विचारत नव्हते. ते जमिनीकडे पाहत होते, म्हातारे दुसरीकडे. मी पदराचं टोक तोंडावर धरलं.

हे तेवढ्यात माझ्याकडे वळले. सगळ्यांचे चेहरे यांना दिसत होते, काहीतरी बोललं गेलंय एवढं कळत होतं. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. साऱ्या अंगणाला ऐकू जाईल असं यांनी विचारलं, “काय म्हणून राह्यली ते?”

मी यांच्यासमोर सरकून बसले. तोंडावरचा पदर बाजूला केला, म्हणजे ओठ दिसावेत. आणि एकेक शब्द सुटा करून, शाळेत म्हणत होते तेवढ्या मोठ्यानं म्हटलं, “त्या विचारून राह्यल्या, मले कावून नाही सांगतलं?”